अलास्का व्हाया मस्कत

आमची अलास्काची बोट दुबईच्या बंदरातून सुटली. हे वाचून कुणी नकाशा उघडायला नको, कारण ती अलास्काला जाणारच नव्हती.

नवऱ्याची कंपनी टॉवरांना काचा बसवायची. तेजीच्या दिवसांत कंपनीने जाहीर केलं होतं, की जे टार्गेट गाठतील त्यांना सहकुटुंब अलास्काची क्रूझ. तेव्हा दुबईत जिथे बघावं तिथे टॉवर उगवत होते. टार्गेट न गाठणं हीच अवघड गोष्ट होती. आम्ही लगेच सेलमधून जाड जॅकेटं घेतली, कानटोप्या घेतल्या आणि अल मनखूलच्या घरात एसी सोळावर ठेवून त्या घालून बघितल्या. मुलीने हिमनद्यांची नावं पाठ केली. मग २००८ च्या सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत बँका कोसळल्या आणि नाताळ येईपर्यंत इकडच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. कंपनीने क्रूझ रद्द मात्र केली नाही. रद्द केली असती तर हीसुद्धा कंपनी गेली अशी बाजारात बोंब झाली असती. त्याऐवजी जानेवारीत दुबईहून निघून खसब आणि मस्कत करून परत येणारी एक स्वस्तातली बोट ठरली. नाव तेवढं अलास्काच राहिलं. आमच्या बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये विचारायचे, "काय, अलास्काची तयारी झाली का?" मी हसायचे, आणि घरात आल्यावर विचारणाऱ्याच्या नावाने दात-ओठ खायचे.

कारण घरात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नवऱ्याचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये होतं आणि तिथे दर आठवड्याला एखादी खुर्ची रिकामी होत होती. एचआरमधून फोन यायचा, 'पासपोर्ट घेऊन या,' एवढाच. व्हिसा कॅन्सल करायला पासपोर्ट लागतो, त्यामुळे त्या तीन शब्दांत सगळं आलं. व्हिसा गेला की महिन्याभरात बायकापोरांसकट देश सोडायचा. घर कंपनीचं, शाळेची फी कंपनीची, त्यामुळे मागे कुणाला ठेवण्याचाही प्रश्न नव्हता. आणि आमची मुलगी बारावीला होती. मार्चमध्ये बोर्ड, सेंटर तिच्याच शाळेत, आणि एकदा नावं गेली की सेंटर बदलून मिळत नाही. मार्च संपेपर्यंत व्हिसा टिकला तर परीक्षा, नाहीतर वर्ष पाण्यात. नोकरी जायची तर जाऊ दे, पण एप्रिलात जाऊ दे, असं मी रोज सकाळी देवापुढे म्हणत होते. दुसरं काही मागायचं सुचतच नव्हतं.

आमच्यासारखंच आणखी एक मराठी घर त्या बोटीवर होतं. नवऱ्याच्या हाताखाली काम करणारा एक पुणेकर, त्याची बायको आणि मुलगा. ते अल कुसैसला राहायचे म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच 'कुसैसवाले' पडलं होतं. त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी केजीपासून एका वर्गात. त्याचीही बारावीच. दोघं अभ्यास बरोबर करायची, भांडायची बरोबर, आणि एकमेकांच्या आयांकडे हक्काने जेवायची.

बंदरावर मोठा मांडव घातला होता. थंड पाणी, खजूर, फोटो काढायला एक खोटं सुकाणू. सामान आधीच आत गेलं होतं. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने गोड हसून सांगितलं, की पासपोर्ट बोटीवर जमा राहतील आणि शेवटच्या दिवशी परत मिळतील. नवऱ्याने पुढे केलेले तीन पासपोर्ट तसेच मागे घेतले.

कशाला, म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, नियम आहे. तो म्हणाला, माझ्याजवळच राहू दे. तिने तेच वाक्य तसंच हसून पुन्हा म्हटलं. नवरा मान वळवून मागे बघायला लागला, तेव्हा कुठे मला उलगडलं. मागे त्याचा बॉस उभा होता. सगळ्यांना बोटीवर चढवून, पासपोर्ट काढून घेऊन, परत आल्यावर सरळ व्हिसे कॅन्सल, असा बेत आहे हे नवऱ्याच्या डोक्यात आलं होतं. इतका शांत माणूस, पण त्याच्या मानेवर घाम आला होता. आज सांगताना हसू येतं. तेव्हा रांगेतल्या कंपनीच्या एकाही माणसाला आलं नाही. सगळे आपापल्या खिशावर हात ठेवून उभे होते.

शेवटी कुसैसवाला पुढे झाला. "अरे दे रे, बोटीत कसला आलाय एचआर," असं म्हणत त्याने नवऱ्याच्या हातून पासपोर्ट काढून घेतले आणि स्वतःच्या पासपोर्टांबरोबर काउंटरवर ठेवले. रांग पुढे सरकली.

बोट निघताना सगळे वरच्या डेकवर गेले होते. बँड वाजत होता, दुबई मागे जात होती, अर्धवट टॉवरांचे सांगाडे समुद्रातून मोजता येत होते. कुसैसच्या वहिनी माझे फोटो काढत होत्या. बॉसने नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला कठड्याच्या कडेने फिरायला नेलं. दिल्लीकडचा माणूस, बोलायला मिठ्ठास, कुणाला वाईट बातमी द्यायची असली की आधी मुलाबाळांची चौकशी करणारा. ते दोघं डेकला वळसा घालून आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

जेवायला जायचे कपडे करताना त्याने केबिनमध्ये सांगितलं. डिपार्टमेंटमध्ये आता दोघंच उरलेत, तो आणि कुसैसवाला. उरलेलं काम गुंडाळायला जूनपर्यंत एकालाच ठेवता येईल. बॉस म्हणाला होता, "सीनियर तू है, तू ही बता कौन रहेगा. मस्कत में फोन लगेगा, वहाँ से हेड ऑफिस को नाम देना है."

"यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं.

तो टायची गाठ सोडत होता, पुन्हा मारत होता. म्हणाला, कामाच्या हिशेबाने त्यालाच ठेवायला हवं. साइटवरचं सगळं त्याला ठाऊक आहे, पगारही कमी आहे.

"आपली मुलगी बारावीला आहे."

"त्याचाही मुलगा आहे," नवरा म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला. हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. त्या पोराला मी लहानपणी भरवलेलं होतं. पण दोन मुलांत एकच वर्ष वाचत असेल तर ते कुणाचं, हे आईला विचारायला बॉस कशाला हवा? तसं मी त्याला सुनावलंसुद्धा.

जेवणाला गोल टेबल होतं आणि नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. आम्ही, कुसैसवाले आणि बॉस सगळे एकत्र. कुसैसवाल्याने ग्लास उचलून "अलास्का!" म्हटलं आणि सगळे हसले, बॉस सगळ्यांत मोठ्याने. मुलं सूपच्या वाटीवरून कुठल्याशा न्यूमरिकलवर वाद घालत होती. मी ताटातलं नुसतं चिवडत होते. वहिनींना वाटलं, मला बोट लागली. त्यांनी पर्समधून आलेपाकाची वडी काढून माझ्या तोंडात घातली आणि जेवण संपेपर्यंत अधूनमधून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी तो हात काढायला सांगू शकत नव्हते आणि सहनही करू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खसब आलं. ओमानचं टोक ते. उघडेबोडके तपकिरी डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि त्यांच्यामधून समुद्राच्या अरुंद वाटा आत गेलेल्या. लाकडी होडीतून, गालिचावर बसवून, आम्हाला त्या वाटांमधून फिरवलं. बॉस म्हणाला, "बस ऊपर बर्फ डाल दो, यही अलास्का है." डॉल्फिन आले, मुलं धावत होडीच्या कडेला गेली, आणि पाच मिनिटांत परत येऊन फिजिक्स उघडून बसली. मी मुलीजवळ जाऊन उभी राहिले तर तिने वर न बघता म्हटलं, "आई, यू आर इन माय लाइट."

नवरा होडीच्या एका टोकाला बसला होता आणि कुसैसवाला माझ्याजवळ. तो नेहमीसारखा बडबडत होता. मुलाला पुण्याला इंजिनिअरिंगला घालायचं, फ्लॅट आहे तिथे, आजी-आजोबा आहेत. मग जरा थांबून म्हणाला, "वहिनी, मार्च निघाला की बास. पुढे काय व्हायचं ते होऊ दे. इन्शाल्ला निघेल."

माझ्याच देवापुढचं मागणं तो माझ्याच तोंडावर बोलत होता. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो इतका भला माणूस नसता, जरा लबाड, जरा कामचुकार असता, तर मला किती सोपं गेलं असतं, असं मनात आलं.

बोटीवर परत आल्यावर मी नवऱ्याला सोडलं नाही. पोहण्याच्या तलावाकाठी, चहाच्या वेळी, गंमत म्हणून ठेवलेल्या त्या कसल्या तरी नाचाच्या क्लासच्या दारात, जिथे सापडेल तिथे एकच विचारलं, ठरलं का? तो एकदा म्हणाला, दोघांचीही नावं देत नाही, घेऊ दे बॉसला ठरवून. मी म्हटलं, मग तो ज्याचा पगार कमी त्याला ठेवेल, हे तुला माहीत आहे. हे त्याला माहीत होतंच. म्हणूनच तर तो तसं म्हणत होता. बॉसने ठरवलं असतं तर आमचं वर्ष गेलं असतं आणि नवऱ्याचे हात स्वच्छ राहिले असते. मला स्वच्छ हात नको होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मस्कत दिसलं. फोनला रेंज आल्याबरोबर डेकवर जो तो कानाला फोन लावून उभा राहिला. नवऱ्याने बॉससमोर जाऊन काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, "दिलं नाव. आपलं." मग म्हणाला, "त्याला मीच सांगणार. एचआरच्या फोनवर नको."

बंदराजवळ समुद्राला लागून लांबच लांब रस्ता आहे, पलीकडे बाजार. नवऱ्याने आम्हा बायकांना आणि मुलांना पुढे जायला सांगितलं. वहिनी एका दुकानात धुपाच्या डब्या उघडून वास घेत होत्या, मला देत होत्या. मी दुकानाच्या दारातून रस्त्याकडे बघत होते. ते दोघं कठड्याला टेकून उभे होते. नवरा बोलत होता, खाली बघून. मग त्याचं बोलणं संपलं. कुसैसवाल्याने समुद्राकडे तोंड फिरवलं, आणि शेवटी त्यानेच नवऱ्याच्या पाठीवर थोपटलं. मला वाईट वाटलं. आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं, त्याच क्षणी. दोन्ही खरं आहे.

दुपारी कुसैसवाल्यांपैकी कुणी जेवायला आलं नाही. संध्याकाळी वहिनी लायब्ररीत आल्या. तिथे मुलं रोज बसायची, पण त्या दिवशी आमची एकटीच होती, मी तिच्यासाठी ज्यूस घेऊन गेले होते. वहिनींनी टेबलावरची मुलाची पुस्तकं गोळा केली. मी उठून उभी राहिले, तोंड उघडलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वहिनी, मला तुमच्याशी आत्ता बोलता येणार नाही." आवाज चढलेला नव्हता. पुस्तकं छातीशी धरून त्या निघून गेल्या. ते आत्ता पुढे कधी संपलंच नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. "डिड बाबा चूझ?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अभ्यास कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुस्तक पुढे ओढलं आणि अभ्यास केला.

कुसैसवाले फेब्रुवारीअखेर गेले. आमचाही व्हिसा जूनमध्ये गेला, ठरल्याप्रमाणे, आणि आम्ही मुंबईला परत आलो. पण मधला मार्च आम्हाला मिळाला. पहिल्या पेपरला मी स्वतः तिला शाळेत सोडलं आणि सुटेपर्यंत गेटबाहेरच्या उन्हात इतर आयांबरोबर उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, पेपर कसा होता? सोपा होता म्हणाली. मग वळून शाळेकडे बघायला लागली, म्हणून मी पुन्हा विचारलं, काय झालं?

"ही वॉज राइट इन फ्रंट ऑफ मी," ती म्हणाली. "त्याचा नंबर चिकटवला होता बाकावर. दे डिडन्ट लेट एनीवन सिट देअर."