गेटवरची नणंद

सासर सोडून मी मुरबाडकडून माहेरी परत आले तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. भावाने ट्रंक आत नेऊन ठेवली आणि वहिनी चुलीपाशी बसून म्हणाली, "हातपाय धू, जेवायला बस." एवढंच. बाबांना तोवर अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. ते ओटीवर बसलेले असायचे, एका हाताने दुसरा हात धरून. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

आमचं गाव शेणव्याहून डोळखांबकडे जाताना लागतं, उताराच्या तळाला. वरच्या अंगाला धरणाचं पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. तिथून मोठमोठ्या नळांतून पाणी शहराकडे जातं. आमची विहीर चैत्रातच तळ दाखवते. त्याचं आम्हा कोणाला नवल वाटत नाही, लहानपणापासून असंच आहे.

मी परत आले त्याच वर्षी सुरक्षेचे नवे नियम आले. पाण्यात कोणी काही कालवलं, क्लोरीनच्या सिलिंडरला कोणी हात घातला, तर किती जणांच्या जिवावर बेतेल, म्हणून केंद्राला भिंत हवी, वर काटेरी तार हवी, कॅमेरे हवेत, पास असल्याशिवाय आत कोणी जाता कामा नये. आणि बायकांची झडती घ्यायला बाईच हवी. सुरक्षेच्या ठेकेदाराचा माणूस उंच आणि बारावी झालेली बाई शोधत गावात आला. मी नाही म्हणणार होते. वहिनीच म्हणाली, "जा गो. घरात बसून भिंती बघत काय करशील? पगार हाये, ड्रेस हाये."

ड्रेस मिळाला तो पुरुषाच्या मापाचा. वहिनीने रात्री जेवणं झाल्यावर पॅन्ट कमरेला दाबली, पायांना आतून दुमड घातली. मी ती घालून उभी राहिले तर ती हसून हसून खाली बसली. "पोलीसच दिसतेस," म्हणाली. बाबासुद्धा अर्ध्या तोंडाने हसले.

शहापूरला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे गृहस्थ सावकाश बोलायचे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, ते म्हणाले, सुटला की जमिनीलगत सरपटत उताराने खाली जातो, खोलगट जागी साचतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि वर, चढावर. नाकाला ओलं फडकं धरायचं. मी ते सगळं मन लावून ऐकलं, पण तेव्हा मला फक्त परीक्षेची काळजी होती.

नोकरी म्हणजे दिवसभर बसणं. झडती घ्यायला बायका होत्याच किती! झाडूवाल्या दोघी आणि प्रयोगशाळेतल्या मॅडम. मॅडम हात पसरून उभ्या राहायच्या, "कर बाई लवकर," म्हणायच्या आणि आत निघून जायच्या. मग दुपारपर्यंत मी, केबिनचा पंखा आणि समोरचा रस्ता. माझ्याबरोबर एक वयस्क गार्ड होता, त्याला कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमचं बोलणं फारसं होत नसे. पण मला ते चालत होतं. संध्याकाळी घरी गेलं की वहिनी सगळं विचारायची. साहेबांच्या गाडीचा रंगसुद्धा.

बिघडलं ते उन्हाळ्यात. केंद्राच्या मागच्या बाजूला जुन्या कुंपणाला एक खिंडार होतं. आत एक जुना व्हॉल्व्ह सतत गळायचा आणि त्याच्याखाली दगडात डबकं झालं होतं. गावातल्या बायका वर्षानुवर्षं त्या खिंडारातून जाऊन हंडे भरायच्या. मीही लहानपणी आईच्या मागे गेले आहे. केंद्रातल्या जुन्या लोकांनी कधी अडवलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात तपासणीला मोठे अधिकारी आले, त्यांनी खिंडार पाहिलं आणि आमच्या साहेबांना तिथेच उभं करून बोलले. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर तिथे गार्ड हवा. आणि येणाऱ्या सगळ्या बायका, म्हणून साहेबांनी मला पाठवलं.

सकाळी सगळ्यात आधी वहिनी आली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत रिकामा डबा. मला पाहून तिला आनंदच झाला.

"बरं झालं गो, तूच हायेस. धर जरा कळशी."

"वैनी, आत नाय जाता येणार."

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. तिने कळशी माझ्या हातात द्यायला पुढे केली. मी घेतली नाही.

"नियम आलाय. कॅमेरा लावलाय बघ वर. उद्या भिंत घालणार हायेत."

"मंग आज तरी भरू दे. आज कुठं भिंत हाये?"

तोवर तिच्यामागे बाकीच्या येऊन थांबल्या होत्या. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "टँकर सांगितलाय साहेबांनी. दुपारी येईल."

वहिनीने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. तिनेच घातलेल्या दुमडीकडे बघत असावी. "चला गो," ती मागे वळून बायकांना म्हणाली, "नणंद कामावर हाये." आवाज चढवला नाही. सगळ्या उतारावरून परत गेल्या, रिकाम्या हंड्यांचा आवाज करत.

टँकर आला, पण दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी आत पाऊल टाकलं की वहिनी उठून परसात जायची. माझं ताट वाढून त्यावर टोपलं झाकलेलं असायचं. भाजीत मीठमसाला नेहमीचाच, माझा वाटा कधी कमी नाही. फक्त वाढणारा हात नाही. भाऊ पहाटे आसनगावला जाऊन लोकल पकडायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, त्याला घरातलं काही दिसत नव्हतं किंवा बघायचं नव्हतं. एकदा मी त्याला म्हटलं, "वैनीला समजाव ना." तो म्हणाला, "बायांच्या पाण्यात मी नाय पडत."

विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. गौरीच्या नाचाला मी अंगणात जाऊन उभी राहिले, फेर माझ्यासमोरून फिरत राहिला, पण कोणी हात पुढे करून आत ओढलं नाही. मी थोडा वेळ टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बाबांजवळ बसले. ते बोलू शकत नव्हते आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या काळात माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याजवळ गेला.

भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळचं ऊन नुकतंच केबिनच्या दारापर्यंत आलं होतं. आत क्लोरीनचा सिलिंडर बदलायचं काम चालू होतं. प्रथम वास आला, ब्लीचिंग पावडरचा वास, पण घशाला टोचणारा. मग भोंगा वाजला. आतून माणसं तोंडाला रुमाल लावून चढावरच्या दुसऱ्या गेटकडे पळत निघाली. इंजिनियर साहेब मास्क चढवत उलट आत जाताना दिसले.

नियम असा होता की भोंगा झाला की गेट बंद करायचं, जागा सोडायची नाही, वरून सांगेपर्यंत कोणाला आत-बाहेर करू द्यायचं नाही. वयस्क गार्डने कुलूप हातात घेतलं. मी उताराकडे बघत होते. गवताची पाती गावाच्या बाजूला वाकलेली होती. भिंत घातल्यापासून केंद्रात काय चाललंय ते गावात कोणाला दिसत नव्हतं, आणि भोंगा तर पाळी बदलली की रोजच वाजायचा.

मी वहिनीला फोन लावला. रिंग जात राहिली. परत लावला. माझं नाव बघून ती फोन उचलत नसे, हे मला माहीत होतं. भाऊ लोकलमध्ये.

गार्डने कुलूप लावलं ते मी बाहेर उभी राहून पाहिलं. "कुठं चाललीस?" तो ओरडला. मी खाली पळत सुटले होते.

खळ्यावर बायका झोडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं, "गॅस सुटलाय. पलीकडच्या माळावर चला, आत्ताच्या आत्ता."

एकजण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आज काय गावातून बी हाकलता का? तुमच्या पाण्याला तर हात लावीत नाय आमी."

"आईशप्पथ गॅस हाये. खाली येतोय. घरात नका शिरू, वर चला."

कोणी हललं नाही. वहिनी सूप हातात धरून उभी होती. कितीतरी महिन्यांनी ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मला खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना. वहिनीने सूप खाली टाकलं. शेजारणीचं तान्हं झोळीतून उचलून तिने शेजारणीच्या हातात कोंबलं आणि ओरडली, "बघता काय? पोरं उचला!" आणि मग मला, "बाबा."

आम्ही दोघी घराकडे पळालो. बाबांना आम्ही घोंगडीवर घेतलं, तिने डोक्याकडची टोकं धरली, मी पायांकडची. पडवीतल्या माठात तिने पदर बुडवला आणि अर्धा फाडून बाबांच्या तोंडावर घातला. माळाची चढण मोकळ्या माणसाला दमवते. आमच्यात शब्द झाले ते एवढेच: "खाली धर." "थांब." "दगड हाये." "चल." मध्येच माझा हात सुटला तेव्हा बाबा घसरले, तिने गुडघा लावून त्यांना अडवलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गॅसने की कशाने कळायला मार्ग नव्हता.

माळावर पोचलो तेव्हा जवळजवळ सगळं गाव तिथे होतं. खाली नाल्याच्या कडेला हवा जराशी पिवळट दिसत होती, नीट बघितलं तरच. कोंबड्या आधी आरडल्या, मग गप्प झाल्या. वहिनीचे डोळे लाल झाले होते. तिने उरलेला ओला पदर माझ्यापुढे धरला. मी तोंड पुसलं आणि परत दिला.

दुपारी इंजिनियर साहेब स्वतः माळावर आले, गळती बंद झाली म्हणून सांगायला. त्यांचा आवाज पार बसला होता. ज्यांना खोकला थांबत नव्हता त्यांना गाडीतून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. सगळे परत आले. आमच्या दोन कोंबड्या आणि नाल्याकाठचा भाजीचा वाफा गेला. माणूस कोणी गेलं नाही.

केंद्राच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "तू गेलीस ते बरं झालं," ते म्हणाले, "पण गेट सोडलंस हे मला लिहावं लागणार. आणि मला एक सांग, तिथे तुझं गाव नसतं तर गेली असतीस?"

मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब."

पुढे ठरलं ते असं की अशा ठिकाणी गेटवर त्याच गावचा माणूस नको. माझी बदली मुरबाडच्या एका रसायनांच्या कारखान्यावर झाली. आणि गावासाठी एक वेगळा भोंगा बसवला, खालच्या बाजूला तोंड करून. महिन्यातून एकदा सराव होतो. तो वाजला की गाव माळावर जातं. गावातर्फे त्या कामाला वहिनीला नेमलं आहे. गावाला नळही मागितला होता तिने, त्यावर अजून विचार चालू आहे.

निघायच्या दिवशी तिने मला समोर बसवून वाढलं. मी जेवले. ती म्हणाली, "मुरबाडलाच का गो? दुसरं गाव नव्हतं?" माझं सासर त्याच वाटेवर आहे, हे तिला एकटीला आठवलं होतं. मी म्हटलं, "त्यांनी पाठवलं तिथं जायचं." तिने ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी फोन उचलाया पायजे व्हता." मी उठून हात धुतले, एसटीची वेळ झाली होती.

इथे कारखाना मोठा आहे. प्रत्येक पाळीला बायकांची रांग लागते. मी त्यांच्या खांद्यांवरून, काखेतून, कमरेवरून हात फिरवते. काडेपेटी नाही ना, मोबाईल नाही ना. कुणाच्या अंगाला लसणाचा वास, कुणाच्या तेलाचा, कुणाला ताप असतो तो हाताला कळतो. रांगेत त्या आपसात खिदळत येतात, माझ्यापुढे आल्या की गप्प होतात, हात पसरतात, पलीकडे गेल्या की परत बोलू लागतात. माझा राग नाही त्यांना. मी त्यांच्यासाठी दाराची चौकट आहे, एवढंच.

खोली एसटी स्टँडच्या मागे घेतली आहे. भात एकदाच शिजवते, दोन्ही वेळ पुरतो. सरावाच्या दिवशी वहिनीचा फोन येतो. कोण आलं, कोण आलं नाही, बाबांना कोणी उचललं, ते सांगते. मग आम्हा दोघींना बोलायला काही उरत नाही. ती म्हणते, "बरं." मी म्हणते, "बरं." तरी फोन लगेच ठेवत नाही कोणी. तिच्याकडे कोंबड्या ओरडताना ऐकू येतात, माझ्याकडे गाड्या लागल्याची घोषणा.

परवा केंद्राच्या त्याच मोठ्या साहेबांनी फोन करून विचारलं, आता वरच्या केंद्रावर जागा आहे, नियमातून वाट काढता येईल, जाशील का परत? मी नाही म्हटलं; त्या गेटवर कधीतरी पुन्हा वहिनीलाच अडवायची वेळ आली असती. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही.