चार तारांची गिटार

खामगावच्या एका कारखान्यात माझ्या ओळखीचे एक कारागीर दिवसभर गिटारच्या खुंट्या बनवतात आणि संध्याकाळी घरी अख्खी बेस गिटार घडवतात: पोकळ पोटाची, चार जाड तारांची. कुठेही गेले की दारावर, टेबलावर बोटाने टकटक करतात. "याले आवाज हाये," नाहीतर "हे मेलेलं हाये." माणसांबद्दल त्यांचं मत मी कधी ऐकलं नाही.

त्यांची एक गिटार लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या ऑर्केस्ट्रासाठी मी हौसेने आणली. ती कोणी वाजवत नाही. बेस माझ्या कीबोर्डमधूनच निघतो. गिटार स्टेजवर शोभेला असते. ते भेटले की विचारायचे, "कशी बोलते?" मी म्हणायचो, "एक नंबर."

परवा एका लग्नात ते पहिल्याच रांगेत बसलेले दिसले. कार्यक्रम संपल्यावर स्टेजवर आले, गिटारच्या पाठीवर तळहात ठेवला आणि एकेक तार सैल केली.

"वाजवाचीच नाई, त तिले तारांचा तान काऊन द्याचा भाऊ? पोट फुगते तिचं."

पुढच्या लग्नात मी ती तशीच, लोंबत्या तारांची उभी केली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. नवरदेवाने तर ती गळ्यात अडकवून फोटो काढला.