मनोऱ्याचं दार

लिफ्ट दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला सगळे मामाच म्हणत. खरं तर मामा तो एका भाचीचाच होता. ती भाची आठ महिन्यांपूर्वी समुद्रापलीकडे नोकरीला गेली, आणि तेव्हापासून त्याच्या जेवणाच्या टेबलावर काचेचा एक पेला पालथा घातलेला असे. पेल्याखाली तिचा वीस बाजूंचा निळा फासा.

रविवारी दुपारी त्या टेबलावर खेळ चाले. खेळ म्हणजे मिळून रचायची गोष्ट. अवकाशयानंही तीत आणि मंत्रविद्याही. गोष्ट मामा चालवायचा. शाळेतल्या बाई यानाच्या कप्तान होत्या, दवाखान्यातला कंपाउंडर मांत्रिक होता. भाची होती किल्लीवाली, कुठल्याही संगणकात शिरून त्याला आपलं ऐकायला लावणारी. ठरवलं ते साधलं की फसलं, हे फासा सांगे.

तिचं जाणं पक्कं झालं तेव्हा मामाने किल्लीवालीला वर यानात ठेवलं आणि बाकीच्यांना खाली एका ओसाड ग्रहावर उतरवलं. म्हणजे तिला दुरूनच संगणक फोडता येतील. नियम दोघांनी बसून लिहिले. संगणक बाहेरच्या जाळ्याला जोडलेला असेल तरच दुरून शिरता येईल. फासा ज्याचा त्यानेच टाकायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही; आकडा फोनवर कळवायचा. आकडा पाचाहून कमी पडला तर संगणक सावध होईल आणि दूरचा रस्ता कायमचा बंद. मग किल्लीवालीने खाली उतरून त्याच्यासमोर बसायचं, आणि ती खाली उतरली तर खेळणारीही टेबलाशी हवी. सलग तीन रविवार आकडा आलाच नाही, तर किल्लीवाली गोष्टीतून गेली.

हे शेवटचं कलम तिचं. "नाहीतर तू मला वर्षानुवर्षं यानात कुजत ठेवशील, मामा," असं म्हणाली होती. तो हसला होता तेव्हा.

पहिले सहा महिने आकडा वेळेवर येई. आकड्यामागे दोन ओळीही असत. थंडी आहे, खोलीचं दार घासतं, जेवले. मग ओळी गेल्या. मग आकडाही आला नाही. आज तिसरा रविवार होता, आणि कप्तान आणि मांत्रिक अजून मनोऱ्याच्या तळघरात अडकून पडले होते. दार मनोऱ्याच्या संगणकाच्या ताब्यात; उघडायचं ते किल्लीवालीने, वरून.

"मी मंत्राने फोडतो," कंपाउंडर म्हणाला. "तीन आठवडे एका दारासमोर उभा आहे. आमच्या दवाखान्यातही कुणाला एवढं ताटकळत ठेवत नाहीत."

"मी बसलेय तुमच्या दवाखान्यात," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलूच नका."

"पाचपर्यंत थांबू," मामा म्हणाला.

पावणेपाचला कंपाउंडर चहा टाकायला आत गेला. बाई पुढे झुकल्या. "मामा, तुम्हीच सांगून टाका आकडा आला म्हणून. अठरा म्हणा. त्याला काय कळतंय?"

मामा फोनकडे बघत राहिला. दार नीट लागलेलं नसतानाही लिफ्ट चालवता येते. वर यंत्राच्या खोलीत एक तार जोडली की झालं. लोक घाईत असतात, गयावया करतात. चाळीस वर्षांत त्याने ती तार कुणासाठी जोडली नव्हती. आज मात्र बोटं तिच्यापाशी पोचली होती. अठरा. केवढासा शब्द. पण मग पुढच्या रविवारीही त्यानेच बोलायचं, त्याच्या पुढच्याही. आणि यानात कुणीच नसायचं.

"नको, बाई."

पाचाला सहा मिनिटं कमी असताना फोन थरथरला. मामाने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"दोन," तो म्हणाला.

"दोन?" कंपाउंडर कपबश्या घेऊन दारातच थांबला. "एवढी वाट बघायला लावून दोन?"

मामाला त्या दोनाचा राग येईना. मनाने सांगायचा तर कुणी दोन सांगत नाही. म्हणजे ती कुठेतरी बसली होती, फासा टाकला होता, आणि काय पडलं ते वाकून बघितलं होतं. एका बोटाने त्याने लिहिलं: इतके दिवस विचारलंच नाही, फासा कुठला? तुझा तर इथे आहे.

उत्तर लगेच आलं. इथल्या मैत्रिणीचा. शनिवारी खेळतो आम्ही. सांगायचं राहून गेलं, मामा.

हे त्याने मोठ्याने वाचलं नाही. तिथेही कुणीतरी गोष्ट चालवत असणार. तिथेही ती कुणाशी नियमांवरून भांडत असणार.

रस्ता बंद झाला, त्याने लिहिलं. आता समोर येऊन बसावं लागेल.

माहीत आहे.

आणि चहा निवत आला तेव्हा आणखी एक ओळ: तोवर यानात ठेवशील ना?

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"यानात ठेव म्हणते."

"नियमात बसतं का ते?" कंपाउंडर म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

मामाने वही काढली, शेवटचं कलम बोट ठेवून वाचलं. "बसतं. आकडा आला ना." वही मिटून त्याने कंपाउंडरकडे बघितलं. "फोडा तुम्ही दार."

कंपाउंडरने आपला फासा उचलला. मामाने रुमालाने पालथ्या पेल्यावरची धूळ पुसली आणि पेला जरा बाजूला, चहाचे थेंब उडणार नाहीत असा, हळूच सरकवला. आत फासा काचेला लागून वाजला.