गोगलगाय चौकटीत शिरताना

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यांनी उभ्या जन्मात फोटो काढले ते ओळखपत्रांचे. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, हनुवटी जरा वर आणि मग ती दरडावणी, "हलू नका!" गल्लीतल्या एकेकाचा चेहरा त्यांनी असा टिपलाय की सख्ख्या आईनेही दार लावून घ्यावं. पाठीमागे त्यांना सगळे 'हलूनका' म्हणतात. तोंडावर 'काका', कारण पुढचा फोटोही त्यांच्याकडेच काढायचा असतो.

दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर हा माणूस घरात स्वस्थ बसेल, अशी काकूंची भाबडी समजूत होती. आठवडा गेला नाही तोच स्वारी परसात पालथी! कॅमेऱ्याला जवळचं टिपणारं भिंग लावलेलं, गुडघ्यांना माती, आणि समोर नाकतोडा. भुंगेरे, सुरवंट, कोळी, कुणाचीच सुटका नाही.

ही हौस हौसच राहिली असती, पण लेकीने मध्येच काडी टाकली. लेक दातांची डॉक्टर. लहान मुलांसाठी नवा दवाखाना उघडत होती आणि बाहेर बसायच्या खोलीतली एक भिंत कोरी होती. "बाबा, चांगले फोटो दिलेस तर भिंत तुझी. नाहीतर शनिवारी फुग्यांचं पोस्टर आणून लावते."

फुग्यांचं पोस्टर! काकांच्या ते जिव्हारी लागलं. या पोरीने बापाने काढलेला फोटो आजवर चारचौघांत दाखवला नव्हता. ओळखपत्रसुद्धा गळ्यात उलटं घालून फिरायची. आता भिंत मिळवायचीच, असं ठरवून त्यांनी छापलेल्या फोटोंचा गठ्ठाच तिच्यापुढे ठेवला.

लेकीने एक पाहिला, दुसरा पाहिला आणि ओठ चावत म्हणाली, "बाबा, हे सगळे पकडून आणल्यासारखे दिसतायत."

"कुणी पकडलंय?"

"पोलिसांनी!"

आतून काकूंचं हसू ऐकू आलं.

"डोळे बघ किती स्वच्छ आलेत," काका फुरंगटले.

"आलेत ना. पण घाबरलेत बिचारे. सगळे अगदी मधोमध, नाक समोर. आणि मागे हे पांढरं काय आहे?"

"कागद लावला. पानांचा नुसता पसारा होता."

"अरे बाबा, तो पसारा म्हणजे त्यांचं घर आहे! आणि सगळे उभ्याने, वरून काढलेस. जरा त्यांच्याएवढा हो. तो जिकडे चाललाय तिकडे थोडी जागा सोड की."

काका दिवसभर फुगून बसले. माणसं फोटोत कुठे जात नाहीत, मग किडे कशाला जातील, असं काकूंना ऐकवून झालं. पण सकाळी उजाडताच पोटावर आडवे. कर्दळीच्या रुंद पानावर गोगलगाय निघाली होती. काकांनी कॅमेरा पानाच्या पातळीवर आणला. पानातून पलीकडचा उजेड झिरपत होता आणि हिरव्या शिरा नकाशासारख्या उमटल्या होत्या. चौकट अशी धरली की पान तिरपं, आणि गोगलगाय खालच्या कोपऱ्यातून आत शिरेल.

ती शिरली. पण काकांचं बोट काही दाबेना. सवयच ना! ती मधोमध पोचली तेव्हा खटकन आवाज झाला. फोटो पाहिला तर गोगलगायीचं ओळखपत्र. काकांनी कपाळावर हात मारला आणि तिच्या पुढे जाऊन दुसऱ्या पानाशी पुन्हा लोळण घेतली.

"अहो, चहाचं पाणी झालं," काकू दारातून म्हणाल्या. "उठताय, की तिथेच आणून देऊ?"

"हळू बोल! ती येतेय."

"कोण येतेय?"

हे ऐकून शेजारच्या कुंपणावर दोन डोकी लगेच वर आली. पण काकांचं कुठे लक्ष? आयुष्यभर जगाला 'हलू नका' म्हणणारा माणूस कुणीतरी हलावं म्हणून श्वास रोखून पडला होता. कोपऱ्यात आधी शिंगं आली, मग मान. शंख अजून अर्धा चौकटीबाहेर, पुढे पान सगळं मोकळं. आत्ता! मध्यापर्यंत वाट पाहायची खाज दाबून त्यांनी बटण दाबलं.

शुक्रवारी दवाखान्यात फोटो लेकीच्या हातात गेला. तिने तो खिडकीपाशी उजेडात धरला. काका उगाच चष्मा पुसत राहिले.

"ही कुठे चाललीय, बाबा?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार."

लेक हसली. मग पेन्सिल घेऊन तिने कोऱ्या भिंतीवर, डावीकडे खाली, लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर खूण केली. "ही इथे."

"आणि बाकीची भिंत? अजून फोटो आणू?"

"नको. मोकळी राहू दे. तिला जायचंय ना अजून."

एवढ्या मोठ्या भिंतीवर एकच फोटो! काकांनी लेकीकडे पाहिलं आणि फोटो खुणेवर धरून पाहिला. गल्लीत मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "लेकीने अख्खी भिंत दिली!"

किती फोटो लागले, असं कुणी खोदून विचारलंच, तर काकांचं उत्तर तयार आहे. "जाऊन बघून या की. गेलातच आहात तर दातही दाखवून घ्या."