बेडा म्हणजे नको

कन्नडमधल्या ‘बेडा’ला मी मराठीतला ‘वेडा’ समजलो. मल्लेश्वरममध्ये मालतीअक्कांच्या दवाखान्यात मी शनिवारी कंप्युटरची कामं फुकटात करायला जायचो. एकदा एक बाई माझ्यासमोर उभी राहून, पोटावर हात ठेवून ‘बेडा सर, बेडा’ म्हणू लागली. मी छाती काढून म्हटलं, ‘वेडा कोणाला म्हणता? इंजिनिअर आहे मी!’

अक्का पडदा सारून बाहेर आल्या. ‘अरे शहाण्या, बेडा म्हणजे नको. तिला मूल नकोय. तुझ्याबद्दल तिचं काही म्हणणं नाही.’ आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

डॉ. मालती हेर्लेकर. घराणं तीन पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड, आवाज पार रस्त्यापर्यंत. ‘हवं म्हणणारीला सगळे पेढे देतात,’ त्या म्हणायच्या, ‘नको म्हणणारीला निदान खुर्ची तरी द्या.’

दवाखान्याला परदेशातल्या एका संस्थेकडून मदत यायची. तांबी, गोळ्या, नर्सचा पगार आणि हेब्बाळच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीत जाणारी गाडी, सगळं त्यावर चालायचं. मग तिकडचं सरकार बदललं आणि अट आली: गर्भपात करायचा नाही, कुठे होतो हेही सांगायचं नाही. स्वतःच्या पैशानंसुद्धा नाही. आपला कायदा हो म्हणत असला तरी नाही.

मी तोडगा काढला. ‘अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा. सही ठोका, आणि विचारणारीला भुवयांनी पत्ता सांगा.’

‘मी काय नाटक कंपनी काढलीय?’

व्हिडिओ कॉलवर त्या संस्थेचे साहेब फार गोड बोलले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या पेशंटला काय सांगायचं हे तुम्ही ठरवणार असाल, तर तिची नाडीही तिकडूनच बघा.’

गाडी बंद झाली. नर्स गेली. वस्तीत तांबी बसवायला कोणी जाईना, त्यामुळे ‘बेडा’ म्हणत येणाऱ्या बायका उलट वाढल्या. मग एका सकाळी पिशवी खांद्याला अडकवून अक्का हेब्बाळच्या बसमध्ये चढल्या. साठी उलटलेली बाई, कंडक्टरशी भांडत. अजून जातात.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा दवाखान्यातच निरोपाचा चहा झाला. मला भरून आलं. उठून म्हटलं, ‘एवढी मदत गेली, पण आम्ही वाकलो नाही!’

‘आम्ही?’ अक्का चकली मोडत म्हणाल्या. ‘तू तर पेनचं टोपण काढून बसला होतास.’