जिंकल्यानंतरचं जाळं

आमची बटालियन त्या वर्षी उत्तरेला, उंचावर होती. बेस कॅम्प नदीकाठी. चार्ली कंपनीने हिवाळ्यापर्यंत बेसवर राहायचं आणि मग वर पोस्टवर जायचं, असा हुकूम होता. मी चार्लीत शिपाई. गाव मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पुढे, समुद्रापासून आतल्या अंगाला. घरी भात आणि काजू. दहावी कशीबशी पास झालो आणि शाळा सुटली. फौजेने मला बूट दिले, वेळेवर जेवण दिलं, चार माणसांत उभं राहायला शिकवलं. ते मी विसरत नाही. पण स्वभाव काळजीचा. फॉलिनला रांगेत उभा राहिलो तरी शर्टाची बटणं दोनदा चाचपायचो.

तरीही कंपनीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर मीच. दुसरं कोणी तयार नव्हतं.

टीमचा कॅप्टन नायक सुभाष तांडेल. मालवणच्या किनाऱ्यावरचा, रापणकरांच्या घरातला. रापण म्हणजे होडीतून समुद्रात सोडायचं आणि किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने दोन्ही टोकांना धरून ओढायचं मोठं जाळं. परेडवर मी त्यांना नायक साब म्हणायचो, बराकीत दादानू.

"कट्ट्याचो ना तू?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. "मगे तुका बांगडो आठवड्यान पोचता. ताजो कसो असता ता तुका काय ठाव!"

"आमच्याकडे काजू असतत, दादानू."

"काजू अडवन काय गोल थांबत नाय."

चार्लीने दोन सीझनमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती. कंपन्यांच्या स्पर्धेचं वेळापत्रक लागलं की अल्फावाले हसायचे. "चार्लीशी मॅच आहे? म्हणजे त्या दिवशी रेस्ट." हे नुसत्या खेळापुरतं नव्हतं. वर बर्फात एकाच दोराला बांधून चालायचं असतं. ज्या कंपनीला खाली कोणी मोजत नाही, तिच्यातली माणसं वर एकमेकांवर किती भरवसा ठेवणार, ही सुभेदार साहेबांची खरी चिंता होती.

अल्फाशी मॅच दुपारी तीनला होती. सुरू होण्याआधी तांडेलदादांनी आम्हाला गोल उभं केलं आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज खेळूक उतारतत."

"व्हय म्हाराजा!"

"तू जिंकव म्हणान सांगनय नाय. पण जाळा फाटला, तर शिवूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!"

आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब हसू दाबत होते. जाळ्याचं म्हणणं कोणाला कळलं नाही.

हाफटाइमला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. दोन्ही चुका माझ्या. दादा नुसते डोंगराकडे बघत राहिले. नंतर आमचे दोन गोल कसे झाले ते मला नीट आठवत नाही. शेवटची मिनिटं होती आणि बॉल माझ्या हातात होता. मी किक मारायला पाय उचलला.

"थांब!" दादा ओरडले. "वारो फिरता!"

मी थांबलो. रेफ्री घड्याळ बघत होता. अल्फावाले शिट्ट्या मारत होते. मग नदीच्या दरीतून वारा माझ्या पाठीवर आला.

"मार आता!"

मी मारला. बॉल वाऱ्यावर गेला, त्यांच्या डिफेन्सच्या डोक्यावरून खाली आला आणि दादांनी हेडर मारला. तीन-दोन.

त्यानंतरचं काय सांगू? पोरं गोलच्या जाळ्याला लटकली, जाळं फाटलं, एक खांब वाकला. संध्याकाळी लंगरमध्ये जिलेबी झाली. मेजर साहेब म्हणाले, "चार्लीचे दिवस फिरले." आम्हालाही तसंच वाटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बटणं न चाचपता झोपलो.

दुसऱ्या दिवशी पीटीनंतर दादांनी टीमला मैदानावर बोलावलं. फाटलेलं जाळं जमिनीवर पसरलं होतं.

"बसा. भोकां शोधा."

"काल जिंकलो ना आपण, दादानू?"

"म्हणानच."

मग त्यांनी सांगितलं. रापण रिकामी आली, तर जाळं शाबूत असतं. ती भरून आली, की वजनाने जागोजागी फाटते. पण त्या दिवशी जाळ्याकडे बघतो कोण? सगळे मासळीकडे बघतात. जाळं वाळूत तसंच पडून राहतं. पुढच्या रापणीला मासळी त्याच भोकातून निघून जाते, आणि लोक म्हणतात समुद्र फिरला.

"काल आपली रापण भरली," ते म्हणाले. "आता सांगा, फाटला खंय? दुसऱ्याचा सांगूचा नाय. आपला भोक आपणच सांगूचा."

सगळ्यांनी नुसती जाळ्याचीच भोकं शोधली. आम्ही जाळं शिवलं, पण जिलेबीची चव अजून तोंडात होती. पुढच्या मॅचला ब्राव्होने आमच्यावर चार गोल केले. अल्फावाल्यांनी पुन्हा रेस्टचा जोक काढला. तो जरा जास्तच लागला, कारण मध्ये आम्ही जिंकलो होतो.

त्या संध्याकाळी दादांनी बोलावलं नव्हतं, तरी सगळे मैदानावर आले. जाळ्याभोवती बसले. मग मी म्हणालो, "उंच बॉल आला की मी डोळे मिटतो." कोणी हसलं नाही. मग लेफ्ट बॅक म्हणाला, "मी दमलो की दमलो म्हणून सांगत नाही." एकेक जण बोलला. शेवटी दादा म्हणाले, "माका सगळा आपणच करूक होया असता. ह्या माझा."

"ता मोठा भोक आसा, दादानू," मी म्हणालो. तेव्हा मात्र सगळे हसले.

पुढची मॅच बरोबरीत सुटली. डेल्टाशी शेवटची होणार होती. तिच्या आधीच वर जायचा हुकूम आला.

पोस्टवरही ती सवय राहिली. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्यापूर्वी दादा दोराची गाठ हातात घ्यायचे आणि विचारायचे, "कोणाचा काय फाटला?" कोणी सांगायचं बुटाखालचा क्रॅम्पॉन ढिला आहे, कोणी सांगायचं रात्री झोप नाही झाली. सुभेदार साहेबांनी ते इतर पेट्रोलनाही लावलं.

त्या सकाळी आम्ही सात जण शेजारच्या पोस्टकडे निघणार होतो. पुढे राहून वाट फोडायची पाळी माझी होती. आकाश स्वच्छ होतं.

"कोणाचा काय फाटला?"

मला सांगायचं नव्हतं. पाळी टाळतो असं वाटलं असतं. पण सवय झाली होती. "उजवा हात बधिर आहे," मी म्हणालो. "आइस ॲक्स नीट धरवत नाही."

दादांनी माझा ग्लोव्ह काढून बोटं बघितली, चोळली, ग्लोव्ह परत चढवला. "मधी ये. पुढे मी जातंय."

नाल्याचा उतार अर्धा ओलांडला आणि वरून आवाज आला. बर्फाचा थर सुटला. दादा आणि त्यांच्या मागचा माणूस दिसेनासे झाले. दोर ताणला गेला. मागच्या चौघांनी ॲक्स रोवले. मी पोटावर पडलो आणि दोर कोपरात अडकवला. दोर थांबला.

मागून आमच्या रेडिओवाल्याचा आवाज ऐकू आला. "चार्ली कंट्रोल, पेट्रोल वन. स्लाइड. दोन माणसं खाली. ओव्हर."

"पेट्रोल वन, कंट्रोल. बाकीचे?"

"पाच ठीक. दोर हातात आहे. ओव्हर."

"दोर सोडू नका. मदत निघाली. आउट."

आम्ही ओढलं. घाई नाही, धक्का नाही, सगळ्यांचा जोर एका वेळी. फुटबॉलमध्ये आम्हाला हे कधी जमलं नव्हतं. दुसरा माणूस जिवंत निघाला. दादांना फावड्यांनी काढावं लागलं. मदतीबरोबर आलेल्या मेडिकलवाल्याने खूप प्रयत्न केले. मग तो उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

पुढच्या सीझनला चार्ली दुसरी आली. लोक आजही म्हणतात की अल्फावरच्या त्या विजयाने टीमचं नशीब फिरलं. मी वाद घालत नाही. त्या विजयानंतर आम्ही चार गोलांनी हरलो होतो, एवढं मला आठवतं.

मी आता गुजरातेत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. काम बरं आहे, मालक माणूस म्हणून वागवतो. दरवर्षी रजा घेऊन कुडाळला उतरतो. घरी जाण्याआधी दादांच्या वाडीत जातो. तिथे ओहोटीच्या वाळूवर त्यांच्या नावाने फुटबॉलचे सामने होतात. सुरुवातीचं गाऱ्हाणं मला घालायला लावतात. शब्द दादांचेच ठेवतो.

वाडीची टीम दरवर्षी पहिल्याच फेरीत बाहेर जायची. यंदा शेवटच्या क्षणी गोल करून फायनल जिंकली. पोरं वाळूत लोळली, गोलच्या जाळ्याला लटकली. त्यांचा कॅप्टन माझ्या गळ्यात पडला. "काकानू, आता आमचे दिवस फिरले!"

दादांची आई किनाऱ्यावर उलट्या होडीला टेकून बसली होती. "नाचान झाला?" तिने हाक मारली. "मगे ता जाळा हय आणा."

पोरांनी जाळं आणून तिच्यापुढे टाकलं आणि पुन्हा नाचायला गेली. तिने सुई-दोरा काढला. मी समोर बसलो. ती भोकं शोधत होती आणि मी कडा ताणून धरत होतो. इतकी वर्षं मी तिच्याकडे येतो, जेवतो, पाया पडतो. एक गोष्ट कधी सांगितली नव्हती.

"आये," मी म्हणालो, "त्या दिवशी पुढे जायची पाळी माझी होती."

तिचा हात थांबला नाही.

"माका ठाव आसा, झिला. तुमच्या साहेबान तेव्हाच सांगलेल्यान." तिने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. "तुझो हात बरो नव्हतो, तू सांगलस. तेका जावचा होता, तो गेलो. सुभाष असोच. सगळा आपणच करूक होया."

माझ्या हातातली कड सैल झाली.

"हात कसो आसा आता?"

"बरो आसा, आये."

"मगे घट धर. हय मोठा फाटला हा."

मी धरलं. थोड्या वेळाने नाचणाऱ्यांतून त्यांचा कॅप्टन आला, उभा राहून बघत राहिला आणि जाळ्याची दुसरी कड धरून खाली बसला.