तोमोचा गुडघा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आमच्या स्टुटगार्टच्या मराठी मंडळातला कुणीही हे वाक्य ऐकून हसेल, कारण मी तर न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो. इथे आलो त्या वर्षी बर्फ घोट्याएवढा पडला होता. मंडळाच्या गणपतीत तो गुडघ्यापर्यंत आला, दिवाळीला छातीला लागला. लोकांना सवय आहे. जोशी बोलायला लागला की मनातल्या मनात निम्मं वजा करायचं. माझी बायको मेधा पाऊण करते.

आज वजाबाकी करू नका. आज आहे तेवढंच सांगतो.

टेकडीवरच्या आमच्या इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर, एक जपानी फुटबॉलपटू राहायचा. फॉरवर्ड. नाव लिहीत नाही. आमच्या घरात तो तोमो. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून खेळायचा. बुटका, पण हेडर मारायला असा उडायचा की खालून विमान — बघा, लगेच सुरू झालो. चांगला उडायचा, एवढंच. कराराचा शेवटचा हंगाम चालू होता. करार वाढला तर त्याची बायको आणि लहान मुलगी जपानहून कायमच्या इकडे येणार होत्या. मुलीसाठी त्याने एक खोली पिवळी रंगवून ठेवली होती. हे सगळं मला माहीत होतं, हे लक्षात असू द्या.

तळमजल्यावर फ्राऊ हेगले. ऐंशी उलटलेल्या, एकट्या. त्यांचा पडदा दिवसभर चार बोटं सरकवलेला. कोण आलं, कोण गेलं, कुणी काच कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, सगळी नोंद. मी त्यांना वचकून असायचो, आणि त्याचं कारण केअरवोखे. इकडची रीतच आहे : दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना झाडून-पुसून काढायचा, आणि पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी चुकवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. कधी पाठ धरायची, कधी मुलांना ताप यायचा, कधी अचानक म्युनिकला काम निघायचं.

तर — एका शनिवारी सकाळी मी ब्रेड आणायला म्हणून दार किलकिलं केलं. जिन्यात तोमो बसला होता. शेजारी बादली, हातात फडकं. उजवा पाय लांब केलेला, आणि तळव्याने गुडघा चोळत होता. बस, एवढंच पाहिलं मी. आणि दार हळूच लावून घेतलं. का लावलं? — सांगतो, थांबा.

सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये टोर्स्टन भेटला. क्लबचा कट्टर माणूस, बापापासून स्टेडियममधली खुर्ची ठरलेली. इतकी वर्षं माझ्याशी हवामानापलीकडे बोलला नव्हता. त्या दिवशी सहज म्हणाला, तुझा शेजारी कसा आहे? आणि मी सुटलो. संपलाय तो, म्हटलं. जिना बसून उतरतो, एकेक पायरी, रांगत्या बाळासारखा. जपानहून कुणी म्हातारा वैद्य आलाय, त्याच्या सुया स्वेटर विणायच्या सुयांएवढ्या.

टोर्स्टन हसला नाही. आपल्याकडे ऐकणारा वजा करतो हो, म्हणून तर सांगणारा वाढवतो! टोर्स्टनने काहीच वजा केलं नाही. "आख सो," म्हणजे असं होय, म्हणाला, कप धुऊन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत चाहत्यांच्या साइटवर आलं — त्याच इमारतीत राहणाऱ्याची खात्रीलायक माहिती.

क्लबने गुडघा दोनदा तपासला. काही निघालं नाही. पण संशयाला एक्स-रे लागतो का? तोमो पाससाठी जरा थांबला की स्टँडमधून शिट्ट्या. टोर्स्टन आता मला मॅचला नेऊ लागला होता, बापाच्या खुर्चीवर बसवायचा. मीही त्या गुडघ्याकडेच बघत बसायचो. आणि सांगू? मलाच वाटायला लागलं, लंगडतोय की काय खरंच? साठाव्या मिनिटाला कोच त्याला बाहेर बोलवायचा. मग पंचेचाळिसाव्या. मग तो बाकावरच.

एका रविवारी दुपारी तो आमच्या दाराशी आला. बूट बाहेर काढून, मोज्यांवर उभा. जपून, शब्द जुळवत जर्मनमध्ये म्हणाला, वैद्य कुणी आला नव्हता, ते खोटं आहे. पण मी जिन्यात बसलो होतो, ते खरं आहे. म्हणजे या घरातल्याच कुणीतरी पाहिलं. कुणी?

मेधा आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला होता, की मलाच तसं वाटलं?

मी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसत्या भुवया उडवल्या आणि बोट खाली केलं. तळमजल्याकडे. वर आणि म्हटलं, "पडदा बघितलाय ना त्यांचा?"

त्याने मान लववली आणि वर गेला.

फ्राऊ हेगले दर शुक्रवारी त्याच्या दाराशी आलूबुखाराच्या केकची बशी ठेवायच्या, वर रुमाल झाकून. तो त्यांचे पाण्याचे क्रेट उचलून आणायचा. आता बशी तशीच राहायला लागली. पाणी त्या एकेक बाटली करून आणायला लागल्या. मी दाराच्या भिंगातून दोघांना बघायचो. आता कळणार, आता दोघं समोरासमोर येणार. पण नाही आले.

करार वाढला नाही. घर सोडताना इथे भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. पिवळ्या खोलीला त्याने स्वतः रोलर मारला. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "या घरात तुम्ही एकटेच माझ्याशी खरं बोललात." तळमजल्याच्या दारावरून तो न थांबता गेला.

आठवड्याभराने फ्राऊ हेगलेंनी मला जिन्यात गाठलं. माझं काही चुकलं का हो त्याच्या बाबतीत, म्हणाल्या. मी म्हटलं, खेळाडू लोक, हवा असते डोक्यात. त्यांनी मान हलवली. "नाही हो. तुमचा आठवडा असला की तुमच्या दारची पाटी काढून तो आपल्या दाराला लावायचा. जिना पुसायचा. मला म्हणाला होता, त्यांना लहान मुलं आहेत, कुणाला सांगू नका. मी नाही सांगितलं."

दार का लावलं, विचारलं होतं ना? त्या शनिवारी पाळी माझी होती. मला माहीत होतं.

आज फ्राऊ हेगले वृद्धाश्रमात आहेत. त्यांना मी तेव्हाही काही सांगितलं नाही, नंतरही नाही. तोमो दुसऱ्या देशात, लहान क्लबांकडून, आणखी चार हंगाम खेळला. त्याच गुडघ्यावर. त्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या पायऱ्या पुसून तो अवघडला होता. टोर्स्टनला मी बोललो. बोट मी दाखवलं.

यातून वजा करण्यासारखं काही नाही.